टेबलाच्या त्या बाजूचे साहेब आज बिल्डरच्या बाजूला: निवृत्त अधिकाऱ्यांच्या खासगी नोकरीचे नियम कुणाला माहीत आहेत का?

सिंहगडरोडकर | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेले दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

आमची सोसायटी सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे, ८४ सदनिका. मी सहा वर्षं सचिव आहे. मूळ मंजूर नकाशात आवारात मोकळी जागा दाखवली होती. सुधारित नकाशात ती आक्रसली आणि तिथे आणखी एक इमारत उभी राहिली. त्याबद्दलची आमची तक्रार एका कार्यालयात चार वर्षं चालू आहे. कार्यालयाचं, बिल्डरचं, कुणाचंच नाव लिहीत नाही. कृपया अंदाजही बांधू नका.

परवा गुरुवारी सुनावणी होती. बिल्डरच्या वकिलाशेजारी एक गृहस्थ बसलेले. चेहरा ओळखीचा वाटला, आणि खुर्ची ओढून बसले तेव्हा लक्षात आलं. अडीच वर्षांपूर्वी आमची पहिली सुनावणी ह्यांच्याच समोर झाली होती. तेव्हा त्यांनी आमच्या अध्यक्षांना (वय ७६) पाणी मागवलं होतं आणि म्हणाले होते, "काका, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. कागद पूर्ण करा, मी बघतो." आता ते निवृत्त होऊन चौदा महिने झालेत आणि बिल्डरचे 'सल्लागार' आहेत.

सुनावणी चालू असताना नव्या साहेबांना एक कागद सापडेना. पानं पुढे-मागे उलटत होते. ह्या गृहस्थांच्या समोर फाईल नव्हती. ते तिथूनच म्हणाले, "टिपणी भाग (फाईलमधला अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांचा भाग), पान ४३, खालचा शेरा बघा." लगेच सापडला. शेरा त्यांच्याच हातचा होता.

त्याच टिपणी भागाच्या प्रती माहिती अधिकारात मिळवायला आम्हाला सात महिने लागले, तेही पहिलं अपील करून.

आणखी एक गोष्ट. मूळ नकाशाची सहीशिक्क्याची प्रत आमच्याकडे नाही, ही आमची कच्ची बाजू आम्ही अडीच वर्षांपूर्वी ह्यांनाच विश्वासाने सांगितली होती. गुरुवारी बिल्डरच्या वकिलाचा पहिला मुद्दा तोच. ह्यांनीच सांगितलं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण बाहेर आल्यावर अध्यक्ष जिन्यात कठडा धरून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "आपण त्यांना सगळं सांगून बसलो होतो रे."

हे चालतं का? नियम काय आहे? जाणकारांनी लिहावं.

---

मृण्मयी | शनिवार, रात्री १०:०५

वाचून वाईट वाटलं. काकांना नमस्कार सांगा. उत्तरांच्या प्रतीक्षेत.

---

जमाखर्च | शनिवार, रात्री ११:२०

मी केंद्र सरकारच्या गट अ सेवेतून निवृत्त झालो आणि नंतर खासगी कंपनीत सव्वातीन वर्षं काम केलं. रीतसर परवानगी घेऊन. त्यामुळे ही वाट मी स्वतः चाललोय.

केंद्रीय सेवेतल्या गट अ अधिकाऱ्यांसाठी १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांत नियम १० होता. २०२१ मध्ये नवे नियम आले, त्यात तीच तरतूद आहे. आयएएस, आयपीएस आणि वनसेवेच्या अधिकाऱ्यांना १९५८ च्या नियमांतला नियम २६ लागू होतो. मुद्दा दोन्हीकडे एकच: निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत 'व्यावसायिक नोकरी' धरायची असेल तर सरकारची पूर्वपरवानगी हवी. ह्या मुदतीला 'कूलिंग-ऑफ', म्हणजे थंड होण्याचा काळ म्हणतात. २००७ पर्यंत ती दोन वर्षांची होती, मग एक झाली.

'व्यावसायिक नोकरी'ची व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच रुंद आहे. पगारी नोकरी तर झालीच, पण संचालकपद, भागीदारी, एजंट म्हणून काम, सगळं त्यात येतं. स्वतःची कन्सल्टन्सी काढलीत, आणि त्या विषयातली व्यावसायिक पदवी तुमच्याकडे नसेल, फक्त खात्यातला अनुभव असेल, तर तीही येते. पदवी असली तरी जुन्या पदामुळे अशिलाला गैरवाजवी फायदा मिळणार असेल तरी येते. आणि सरकारी कार्यालयांशी संपर्क ठेवण्याचं, म्हणजे ज्याला आपण लायझनिंग म्हणतो ते काम स्पष्ट शब्दांत त्यात आहे. सरकारच्याच मालकीच्या कंपनीत गेलात तर मात्र हा नियम आड येत नाही.

अर्जात विचारतात ते असं: शेवटच्या तीन वर्षांत या कंपनीच्या कामाशी थेट संबंध असलेली संवेदनशील माहिती तुमच्या हाताखालून गेली का? हितसंबंधांचा संघर्ष आहे का? सेवेची नोंद स्वच्छ आहे का? देऊ केलेला पगार त्या उद्योगातल्या चालू पगारापेक्षा फारच जास्त आहे का? हा शेवटचा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो. कामाच्या लायकीपेक्षा पगार मोठा असेल तर तो कशाचा मोबदला आहे, हे विचारलंच पाहिजे.

परवानगी न घेता गेलात तर निवृत्तिवेतन पूर्ण किंवा अंशतः थांबवता येतं. उलट अर्ज केला आणि ठरलेल्या मुदतीत नकार आला नाही, तर परवानगी मिळाली असं धरतात.

तुमचे गृहस्थ कोणत्या सेवेतले? आणि एक विनंती. निवृत्तीनंतर काम करणारे सगळे असे नसतात. मी कंपनीत असताना माझ्या जुन्या कार्यालयाची पायरी एकदाही चढलो नाही. तसं मी नेमणुकीच्या पत्रातच लिहून घेतलं होतं.

---

सिंहगडरोडकर | रविवार, सकाळी ७:५०

जमाखर्च, मनापासून आभार. तुमच्यासारखे असतात हे मान्यच आहे. हे गृहस्थ राज्य सेवेतले.

पण तुमचा प्रतिसाद वाचून रात्री एक हिशेब केला. समजा त्यांना एक वर्षाची अट असती, तरी ती दोन महिन्यांपूर्वीच संपली असती. आणि त्या एका वर्षात आमची फाईल किती सरकली? आवक टेबलावरून कार्यासनाकडे, आणि तिथून एका शेऱ्यासाठी परत. मग ही मुदत नेमकी कशाच्या मापाने ठरवली? साहेब एका वर्षात 'थंड' होत असतील, पण त्यांच्या हाताखालची फाईल चार वर्षं गरमच असते.

---

अॅड_शिवाजीनगर | रविवार, सकाळी ११:१५

वकील म्हणून लिहिते, पण हा सल्ला समजू नका. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत.

राज्य सेवेला केंद्राचे वरचे नियम थेट लागू नाहीत. राज्याचे निवृत्तिवेतन नियम १९८२ चे आहेत आणि त्यांत निवृत्तिवेतन हे पुढच्या चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर असतं. महापालिकेचे सेवक आणखी वेगळे, त्यांना १९४९ चा महापालिका अधिनियम आणि त्याखालचे सेवाविनियम. म्हणजे तीन माणसं एकाच टेबलावरून उठली तरी तिघांना तीन वेगळी पुस्तकं. आणि जमाखर्च यांनी 'गट अ' लिहिलंय तिकडे लक्ष द्या. ज्याच्या हातात रोज फाईल असते तो बहुतेक वेळा गट ब किंवा गट क चा असतो. तो केंद्राच्या त्या नियमात येतच नाही.

दुसरं, निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करायची तर घटना चार वर्षांच्या आतली लागते. चार वर्षं पडून राहिलेल्या फाईलचा हा अर्थही ध्यानात घ्या.

सिंहगडरोडकर मुदतीबद्दल म्हणतात ते मला पटतं, आणि आपल्या कायद्याला ती कल्पना अनोळखी नाही. स्थावर संपदा कायदा २०१६, म्हणजे रेरा, याचं कलम २५ वाचा. प्राधिकरणाचा अध्यक्ष किंवा सदस्य पद सोडल्यावर, ज्या प्रकरणात त्याने प्राधिकरणासाठी काम केलं किंवा सल्ला दिला, त्या प्रकरणात दुसऱ्या कुणाच्या वतीने उभा राहू शकत नाही. पदावर असताना मिळालेली, लोकांना उपलब्ध नसलेली माहिती वापरून कुणाला सल्ला देऊ शकत नाही. ज्यांच्याशी पदावर असताना थेट आणि मोठा कामाचा संबंध आला त्यांच्याकडे नोकरी किंवा संचालकपद घेऊ शकत नाही. यात 'एक वर्ष' असं काही लिहिलेलं नाही. बंदी प्रकरणाला चिकटलेली आहे.

न्यायाधीशांचं तर राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद १२४(७) प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश देशातल्या कुठल्याच न्यायालयात वकिली करू शकत नाहीत. अनुच्छेद २२० प्रमाणे उच्च न्यायालयाचे कायम न्यायाधीश निवृत्तीनंतर फक्त सर्वोच्च न्यायालयात आणि दुसऱ्या उच्च न्यायालयांत उभे राहू शकतात, ज्या न्यायालयात बसले तिथे नाही. घटनाकारांना जे सुचलं ते मंजुरी देणाऱ्या टेबलापर्यंत अजून पोचलेलं नाही, याचं मला रोजच्या कामात दुःख होतं.

---

वानवडीकर_निवृत्त | रविवार, दुपारी १:०५

फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त. आम्हालाही एक वर्षाच्या आत खासगी नोकरीसाठी संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते.

दुसरी बाजूही मांडतो. पुण्यात पाषाणला एआरडीई (शस्त्रास्त्र संशोधन संस्था) आहे, दिघीला आर अँड डीई (लष्करी अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे, खडकीला दारूगोळा कारखाना आहे. आयुष्यभर तोफांवर, पुलांवर, स्फोटकांवर काम केलेली माणसं इथे दर महिन्याला निवृत्त होतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांना ह्यांचं ज्ञान हवंच आहे. माझा एक सहकारी पुलांच्या जोडांतला जाणता. ज्या कारखान्यात गेला तिथली वेल्डिंगची पद्धत त्याने तीन महिन्यांत सुधारली. तो कुठल्याही खरेदीच्या फाईलवर कधी नव्हता. अशा माणसाला घरी बसवून देशाचं काय भलं होणार? बंदी सरसकट वाढवली तर आधी असेच लोक अडकतील. ओळखीवर जगणारा मुलाच्या नावाने फर्म काढून मोकळा होईल.

---

सिंहगडरोडकर | रविवार, दुपारी १:४०

कर्नलसाहेब, तुमच्या मित्राने उद्या सकाळीच कामावर जावं, माझी काही हरकत नाही. उलट माझं म्हणणं त्यांच्या सोयीचंच आहे. एक वर्षाची बंदी त्यांना उगाच अडवते आणि आमच्या गृहस्थांना योग्य वेळी मोकळं करते. बंदी कॅलेंडरला बांधण्यापेक्षा फाईलला बांधा. ज्या नस्तीवर तुमची सही किंवा शेरा आहे, ती नस्ती निकाली निघेपर्यंत समोरच्या बाजूने बसायचं नाही. बाकी सगळं जग मोकळं.

---

बाणेर_ते_व्हर्जिनिया | रविवार, दुपारी ४:३०

तुम्ही म्हणताय त्या धाटणीचा कायदा अमेरिकेच्या केंद्रीय सरकारात आहे. ज्या विशिष्ट प्रकरणात तुम्ही स्वतः महत्त्वाचा भाग घेतला, त्यात दुसऱ्याच्या वतीने सरकारसमोर कायमचं उभं राहायचं नाही. तुमच्या देखरेखीखालच्या प्रकरणांना दोन वर्षं, आणि वरिष्ठांना आपल्या जुन्या खात्याकडे कुणाची रदबदली करायला एक वर्ष बंदी. मोडला तर फौजदारी गुन्हा. फ्रान्समध्ये तीन वर्षांची मुदत आहे आणि तिथेही तुरुंगवासाची तरतूद आहे. ब्रिटनने १९७५ पासून एक सल्लागार समिती ठेवली होती, पण तिच्या हातात शिक्षा काहीच नव्हती, नुसतं पत्र लिहायची. २०२५ मध्ये ती बंद केली.

पण इथेही पडद्यामागून सल्ला द्यायला वाट उरतेच. समोर येऊन बसायचं नाही, एवढंच.

---

भोसरीचा_लेथवाला | रविवार, रात्री ८:५५

हा धागा दुपारपासून वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी ठेवलाय असा माणूस.

माझं वर्कशॉप आहे, बावीस कामगार. एका परवान्यासाठी माझा अर्ज तीनदा परत आला होता. प्रत्येक वेळी वेगळी त्रुटी. खिडकीवर विचारलं तर "फॉर्ममध्ये लिहिलंय ते वाचा". मग कुणीतरी त्याच खात्यातल्या एका निवृत्त साहेबांचं नाव सुचवलं. ते आले, माझ्या ऑफिसात बसून चष्मा लावून अर्ज वाचला आणि पेन्सिलीने चार ठिकाणी खुणा केल्या. इथे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, इथे जुन्या परवान्याची तारीख, हे दोन दाखले उलट क्रमाने लावा. अर्ज एका फेरीत मंजूर झाला. त्या दिवशी मी त्यांना जे पैसे दिले ते शिकवणीचे होते. अजूनही मला त्यात काही गैर वाटत नाही. ते काम खिडकीवरच्या माणसाने करायला हवं होतं, एवढंच.

त्यांना मी महिन्याला बांधून घेतलं. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्या मुलीला सगळी कागदपत्रं लावायला शिकवली. आता ती स्वतः करते. तरीही मी त्यांना दरमहा पैसे देतो. कशाचे? कधीतरी अडलं तर ते एक फोन करतील म्हणून. गेल्या दिवाळीत केलाही. माझं काम दोन दिवसांत झालं. रांगेत माझ्या पुढे कोण होतं, कुणाचं काम मागे पडलं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

सिंहगडरोडकर, तुमच्या अध्यक्षांचं जिन्यातलं वाक्य वाचलं आणि आज विचारतोय.

---

रेवा_पेठेतली | रविवार, रात्री ९:३०

लेथवालेकाका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

मी सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे. 'हितसंबंधांचा संघर्ष' यावर आम्ही शंभर उत्तरं लिहिलीत. त्यातली निम्मी निवृत्तीनंतरच्या काळावर.

पण मला प्रश्न निवृत्तीच्या आधीच्या वर्षाचा पडतो. साहेबांना अजून अकरा महिने आहेत. समोर बसलेल्याने चहा पिताना सहज म्हटलं, "साहेब, पुढे काय ठरवलंय? आमच्याकडे या." त्या दिवसापासून त्या टेबलावरच्या प्रत्येक सहीचं काय? नंतर कितीही वर्षांची बंदी घातली तरी ते अकरा महिने कुणी मोजत नाही. पगारवाढ नको, पाकीट नको, नुसतं एक वाक्य पुरतं. असा प्रस्ताव आला की त्याच आठवड्यात वरिष्ठांना लेखी कळवायचं आणि त्या माणसाची फाईल दुसऱ्या टेबलाकडे द्यायची, असा नियम का असू नये?

---

जमाखर्च | रविवार, रात्री १०:१०

रेवा, अगदी बरोबर बोट ठेवलंस. शेवटच्या तीन वर्षांचा प्रश्न अर्जात आहे, पण त्याचं उत्तर अर्जदारच लिहितो. माझ्या शेवटच्या वर्षात मला असं दोनदा विचारलं गेलं. एकदा मी वरिष्ठांना सांगितलं. दुसऱ्यांदा नाही सांगितलं, कारण मला ते निव्वळ सौजन्य वाटलं. आज तुझं वाचून वाटतंय, सांगायला हवं होतं.

आणखी एक. केंद्रीय दक्षता आयोगाने २०२१ मध्ये सरकारी संस्थांना कळवलं की निवृत्त अधिकाऱ्याला कंत्राटावर किंवा सल्लागार म्हणून घेण्याआधी, त्याने गेल्या दहा वर्षांत जिथे-जिथे काम केलं तिथून दक्षता मंजुरी घ्या. ते सरकारच्या आतल्या नेमणुकांपुरतं आहे. बिल्डरकडे जाणाऱ्याला असं कुणी विचारत नाही.

---

सोमवारी_तीन_ते_पाच | रविवार, रात्री ११:४५

चर्चा चांगली चाललीय, पण सिंहगडरोडकरांना पुढच्या तारखेआधी काहीतरी हातात हवं. कामाचं लिहितो.

पुणे महापालिकेने २००९ मध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अर्जाशिवाय फायली पाहायला देण्याची पद्धत सुरू केली. २०१८ मध्ये राज्य सरकारने ती जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लागू केली. उद्या सोमवार आहे. ओळखपत्र घेऊन जा.

फाईलमध्ये दोनच गोष्टी बघा. गुरुवारच्या सुनावणीचा रोजनामा, त्यात हजर म्हणून कुणाकुणाची नावं आहेत. आणि ह्या गृहस्थांचं अधिकारपत्र. ते वकील नसतील तर बिल्डरच्या वतीने बसायला त्यांना लेखी अधिकार लागतो. तो कागद फाईलमध्ये आहे का, कुणाच्या सहीने, कोणत्या तारखेचा?

मग साधा एक पानी अर्ज द्या. 'अमुक दिनांकाच्या सुनावणीत श्री. अमुक हे प्रतिवादीतर्फे उपस्थित होते. याच प्रकरणात अमुक दिनांकाला त्यांनी पीठासीन अधिकारी म्हणून सुनावणी घेतली असून टिपणी पान ४३ वर त्यांचा शेरा आहे. ही बाब रोजनाम्यात नोंदवावी आणि त्यांच्या उपस्थितीस आमची हरकत आहे.' आरोप एकही नको. फक्त तारखा आणि पान क्रमांक. आवक शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. वर अपील झालं तर कामाला येईल तो हाच कागद.

---

अॅड_शिवाजीनगर | सोमवार, सकाळी ८:२०

मसुदा योग्य आहे. 'हरकत आहे' नंतर एवढं जोडा: 'हरकतीवर लेखी निर्णय द्यावा.' आणि मूळ नकाशाची साक्षांकित प्रत मंजुरी देणाऱ्या कार्यालयातून आजच मागा, मूळ तिथे असणारच. तुमची कच्ची बाजू ती एकच आहे.

---

सिंहगडरोडकर | सोमवार, सायंकाळी ६:३५

आत्ताच आलो. अध्यक्षांना घेऊनच गेलो होतो, त्यांनी ऐकलं नाही.

सव्वातीनला फाईल टेबलावर आली. रोजनाम्यात लिहिलंय: 'प्रतिवादीतर्फे वकील व इतर हजर.' इतर. नाव नाही. अधिकारपत्र फाईलमध्ये नाही, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आम्ही दोघांनी दोनदा बघितलं.

पान ४३ अध्यक्षांनी स्वतः उघडलं. शेऱ्यात लिहिलंय, 'तक्रारदारांचे म्हणणे तपासून घेणे आवश्यक.' खाली सही, तारीख. ते बराच वेळ त्या सहीकडे बघत बसले.

अर्ज दिला. लिपिकाने वाचला, आमच्याकडे एकदा पाहिलं, काही न बोलता शिक्का मारून दिला. नकाशाच्या प्रतीचा अर्जही दुसऱ्या कार्यालयात देऊन आलो, शुल्काची पावती मिळाली. पुढची तारीख एकवीस दिवसांनी आहे. जे होईल ते इथेच लिहीन.

---

भोसरीचा_लेथवाला | सोमवार, रात्री ९:१०

आज साहेबांना फोन केला. या महिन्यापासून नको म्हणून सांगितलं. ते फारसं काही बोलले नाहीत, मुलीची चौकशी केली. तारखेला कुणी सोबत हवं असेल तर सांगा, मी येतो.